हुर्योचा मानकरी

ऑल्डरकोट या कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या गावच्या पोरांना धड बोलता यायच्या आधी सेप टेलफरची हुर्यो उडवता यायची. नाताळच्या पँटोला, म्हणजे सोंगं, गाणी नि आरडाओरड्याच्या गावच्या नाटकाला, आई पोराला कडेवर घेऊन खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये यायची. स्टेजवर हिरवा उजेड पडायचा, विंगेत कुणीतरी पत्रा हलवून गडगडाट करायचं, आणि डाव्या अंगानं काळा झगा फडकावत सेप यायचा. अख्खा हॉल "हूऽऽऽ" करून उठायचा. कडेवरचं पोर आधी दचकायचं, रडायला तोंड वाकडं करायचं, आईकडं बघायचं, आणि मग आपणही ओठांचा चंबू करून "हू" म्हणायचं. झालं, पोर गावचं झालं.

आता तुम्ही म्हणाल, हुर्यो उडण्यात कसला आलाय मान? अहो, असतो. पँटोत परी उजवीकडून येते आणि दुष्ट डावीकडून. परीला टाळ्या आणि दुष्टाला हुर्यो, हे बायबलपेक्षा पक्कं. परी दर दोन-तीन वर्षांनी बदलायची. कुणी लग्न होऊन जायची, कुणी पंखांत मावेनाशी व्हायची. दुष्ट मात्र पोरांचे बाप पोरं होते तेव्हापासून एकच. जूनच्या उन्हातसुद्धा सेप शाळेसमोरून निघाला की पोरं कुंपणाला लोंबकळून "हूऽऽ" करायची, आणि तो नसलेल्या मिशीला पीळ भरत म्हणायचा, "एकेकाला कच्चा खाईन!" चिप्सच्या दुकानातली मालकीण आधी हुर्यो उडवायची आणि मग कागदात मूठभर चिप्स जास्त टाकायची. टेलफर नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. गावच्या पोरांची ही कलकल होती तेवढीच, आणि सेपला ती पुरायची.

एरवी गडी मुखदुर्बळ. सहा भावांच्या पाठीवरचा सातवा, म्हणून नाव सेप्टिमस; घरात सातव्याला बोलायची पाळी कधी येणार? उंच, वाकलेला, कुणी हाक मारली तरी आधी मागं वळून बघायचा, आपल्यालाच का म्हणून. झगा चढवला की मात्र हाच माणूस हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल असा गडगडून हसायचा. ऑड्रीनं, त्याच्या बायकोनं, त्याला पहिल्यांदा पाहिलं तेच स्टेजवर. ती म्हणायची, "मी लग्न केलं त्या दुष्टाशी, आणि घरी आला हा मेंगळट!"

आणि सेपचं नाव घेतलं की बिली ग्रीनरचं घ्यावंच लागतं. खाणीत दोघं जोडीदार, एकाच पाळीत खांद्याला खांदा लावून कोळसा काढणारे. स्टेजवरही जोडी. बिली अंगानं पिंपासारखा. तो बाईचं सोंग घ्यायचा, डॉली धोबिणीचं: लाल केस, दोन उशांची छाती, गुडघ्यापर्यंत पट्ट्यापट्ट्यांची तुमान. गोष्ट दरवर्षी थोडी इकडची तिकडं व्हायची, पण डॉलीचं घर आणि गाय बळकावायला जमीनदार ग्रॅब, म्हणजे सेप, यायचाच. बिली लोकांना हसवायचा आणि सेप लोकांना हुर्यो उडवायला लावायचा. खाली अंधारात एकाचा जीव दुसऱ्याच्या हाती असायचा, वर उजेडात एकाचा हशा दुसऱ्याच्या हाती. दोन्हीकडं कधी चुकलं नव्हतं.

मग चौऱ्याऐंशीचा संप आला, सरकार खाणी बंद करायला निघालं म्हणून.

सगळा उन्हाळा गाव एकदिलानं उभं राहिलं. वेल्फेअर हॉलमध्ये स्टेजसमोर मोठी पातेली लागली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी हिल्डा प्राउड, जी एरवी आमच्या हौशी नाटकमंडळीची सर्वेसर्वा, ती आता पातेल्यांची सर्वेसर्वा झाली. सेप बटाटे सोलायचा. बिली खाणीच्या फाटकावर पहारा देऊन यायचा आणि पोलिसांच्या नकला करून रांगेतल्या बायांना हसवायचा. हिवाळा आला तशी नक्कल संपली. कोळशाच्या गावात चुली थंड झाल्या, काय म्हणावं याला! माणसं खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीच्या डोंगरावर चाळण घेऊन कोळशाचे खडे वेचायला लागली. त्या वर्षी पँटो झालं नाही.

ऑड्रीची छाती आधीच अधू. जानेवारीत ती कोट घालून अंथरुणात पडायची आणि खोकला सुरू झाला की शेजारच्या घरातून भिंतीवर हलकेच टकटक व्हायची, बरी आहेस ना म्हणून. फेब्रुवारीत एका पहाटे सेप कपडे करून निघाला, आणि खिडक्यांना जाळी ठोकलेली जी बस संपफोड्यांना आत नेत होती तिच्यात जाऊन बसला.

का गेला? गाव याची ढीगभर कारणं सांगतं. ऑड्रीसाठी गेला. भित्रा होता म्हणून गेला. साहेबानं फूस लावली म्हणून गेला. सेपनं स्वतः कधी कारण सांगितलं नाही. एवढं खरं, की फाटकाशी बस हळू झाली तेव्हा बाहेर सगळे गळा फाटेस्तोवर ओरडत होते आणि एकटा बिली ओरडत नव्हता. तो जाळीतून सेपकडं बघत होता. सेपनं मान खाली घातली. आणि दैव तरी कसं बघा, पुढच्याच महिन्यात संप मोडला. आणखी थोडी कळ काढली असती तर तोही सगळ्यांबरोबर बँडच्या मागून, ताठ मानेनं, हरून आत गेला असता.

गावानं त्याला वाळीत टाकलं. ठराव नाही, बैठक नाही. पहिल्या आठवड्यात खिडकीतून एक वीट आली, आणि नंतर तीही नाही. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. कुणी शिवीसुद्धा देईना. पाळीला खाली जायचं तर सेप खाणीत उतरवणाऱ्या पाळण्यात पाय टाकायचा आणि बाकीचे जागच्या जागी उभे राहायचे. एरवी माणसांनी भरून जाणारा तो लोखंडी पाळणा एकट्या सेपला घेऊन खडखडत खाली जायचा. चिप्सच्या दुकानात मालकीण त्याच्या डोक्यावरून मागच्या माणसाला विचारायची, "तुला काय देऊ, राजा?" मागं कुणी नसलं तर भिंतीकडं बघायची. ऑड्री खोकली तरी शेजारच्या भिंतीवर टकटक होईना. आणि शाळेच्या कुंपणावरची पोरं? सेप आला की खाली उतरायची, पाठ करायची. पोरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. जी हुर्यो उडवायला शिकली होती ती हेही आपोआप शिकली.

"जाऊ या इथून," ऑड्री म्हणायची. तिची बहीण एल्सी दूर समुद्राकाठी राहायची, वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. "तिथं कुणी ओळखत नाही आपल्याला."

"इथं तरी कोण ओळखतंय?" सेप म्हणायचा. आणि मग थोड्या वेळानं, "थांब गं. निवळेल. आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात आपले असते तर एवढे चावले नसते."

असा उन्हाळा गेला. ऑक्टोबरात एका संध्याकाळी दार वाजलं. नवरा-बायको एकमेकांकडं बघत राहिले. त्या दारावर थाप पडून इतके महिने झाले होते की उघडायचं कुणी हेच दोघांना सुचेना.

"सेप टेलफर!" बाहेरून आवाज आला. "मी हिल्डा. उघडतोस की चिमणीतून येऊ?"

हिल्डा आत आली, टोपी काढली आणि ऑड्रीनं बसा म्हणायची वाट न बघता बसली. बाई साठीची, बुटकी, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की खाणीतलं तट्टूसुद्धा तिला हलवणार नाही. "चहा टाक ऑड्री, साखर असली तर दोन. ऐक सेप. यंदा पँटो करायचंय. खाण बंद होणार अशी बोलवा आहे, ठाऊक आहे ना? पुढल्या वर्षी गाव असेल की नाही देव जाणे. पोरांनी दोन वर्षं काही बघितलं नाही. बिली डॉली करतोय. गाय आहे, परी आहे, सगळं आहे. दुष्ट नाही."

सेप उठून आगीत कोळसा घालायला लागला.

"त्या शाळामास्तरला उभा करून बघितला. झगा घालून आला, 'हा हा' म्हणाला, आणि पहिल्या रांगेतली माझी नात रडायला लागली. म्हणे, आजी, याला थंडी वाजतेय का? हुर्यो कसली, पोरं त्याला खाऊ द्यायला निघाली!"

ऑड्रीला हसू फुटलं आणि हसता हसता खोकला लागला. तो थांबेपर्यंत हिल्डानं तिची पाठ चोळली.

"हिल्डा," सेप म्हणाला, "माझ्याशी कुणी बोलत नाही."

"मग? तुला कोण बोलायला बोलावतंय? हेच मी हॉलच्या कमिटीला सांगितलं. म्हटलं, तुम्ही काय ठरवलंय? सेपशी एक शब्द बोलायचा नाही. बरोबर? हुर्यो म्हणजे काही शब्द नव्हे! कुणाचं वचन मोडत नाही की कुणाची मान खाली जात नाही. उडवू देत. पोट भरून उडवू देत. वर्षभर आत कोंडलेलं आहे सगळ्यांच्या, बाहेर पडू दे की एकदा. तुझ्यावर ओरडून ओरडून घसा बसला ना, की सकाळी माणसं 'काय सेप' म्हणतील बघ."

"कमिटी हो म्हणाली?"

"नाही म्हणाली नाही."

"आणि बिली?"

हिल्डानं कपातला चहा ढवळला. "बिली म्हणाला, दुष्टाशी डॉली बोलेल. बिली बोलणार नाही."

ती गेल्यावर सेपनं तिचा कप धुऊन ठेवला. मग म्हणाला, "ऑड्री, एवढं होऊ दे. त्यांनी हुर्यो उडवली तर आपण इथंच राहायचं. उडवतीलच. हुर्यो आपल्याच माणसाची उडवतात."

"आणि नाही उडवली तर?"

"मग एल्सीकडं."

ऑड्रीनं मान डोलावली. तिला गाव सोडायचं होतं. पण त्या रात्री झोपताना तिनं देवाजवळ काय मागितलं असेल ते तिलाच ठाऊक. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तेवढा उजेड तिनं त्या वर्षात पाहिला नव्हता.

तालमी सुरू झाल्या. त्या तालमी बघायला हव्या होत्या, म्हणजे नाटक म्हणजे काय आणि हट्ट म्हणजे काय ते एकदमच कळलं असतं. कमरेवर हात ठेवून बिली सेपच्या नाकाला नाक लावून उभा राहायचा आणि डॉलीच्या किनऱ्या आवाजात म्हणायचा, "अहो जमीनदार, भाडं हवंय? माझी ही एवढी तुमान घ्या, तिच्यात तुमचा वाडा मावेल!" सेप दात विचकून उत्तर द्यायचा. वाक्याला वाक्य भिडायचं, जुन्या कुलपात जुनी किल्ली फिरावी तसं. आणि हिल्डानं "थांबा" म्हटलं, की बिलीची नजर सेपवरून अशी घसरायची जशी काही समोर खुंटी आहे. चहाच्या वेळी सगळे एका कोपऱ्यात, सेप एका कोपऱ्यात. हिल्डा त्याचा कप स्वतः नेऊन द्यायची.

पण एक प्रवेश असा होता की ज्यावर सेप जगायला लागला. डॉली दोरीवर कपडे वाळत घालते. जमीनदार चोरपावलांनी मागून येतो. डॉली लोकांना विचारते, "माझ्यामागं कुणी आहे का गं बायांनो?" लोक ओरडतात, "आहे! मागं बघ!" ती गर्रकन वळते, तो तिच्या पाठीला पाठ चिकटवून तिच्याबरोबर वळतो. "कुणीच नाही की!" "आहे!" "नाही!" "आहे!" पँटोचा हा प्राण. पोरं खुर्चीवर चढून ओरडतात. दोघांची पाठ मात्र एकमेकांना लागलेली हवी, आणि वळायच्या आधी बिलीनं टाचेनं फळीवर हळूच दोनदा ठोकायचं, ही त्यांची जुनी खूण. पहिल्या तालमीला बिलीची रुंद, उबदार पाठ सेपच्या पाठीला लागली, टाच दोनदा वाजली, आणि दोघं एका माणसासारखे फिरले.

घरी येऊन सेप म्हणाला, "बिलीनं टाच वाजवली."

"मग? वाजवायचीच होती ना?" ऑड्री म्हणाली.

"पाय नुसता आपटता आला असता. त्यानं हळू वाजवली, नेहमीसारखी."

ऑड्रीनं त्याच्यापुढं ताट सरकवलं. माणूस बुडायला लागला की काडीला ओंडका म्हणतो, त्याला आपण काय करणार?

नाताळाआधीच्या शनिवारी संध्याकाळी खेळ. दुपारपासूनच हॉल भरायला लागला. ज्या हॉलमध्ये वर्षापूर्वी बटाट्याच्या रश्शाचा वास होता तिथं आता ओल्या कोटांचा आणि संत्र्यांचा वास. थंडीत छातीला सोसणार नाही म्हणून ऑड्री घरीच राहिली. तिनं सेपच्या भुवया काळ्या करून दिल्या होत्या. सेप डाव्या विंगेत उभा राहिला. तोंडाला हिरवट रंग, डोक्यावर उंच टोपी, अंगात काळा झगा. उजवीकडून परी गेली, टाळ्या झाल्या. एका कातड्यात दोन माणसं घालून केलेली गाय गेली, मागचे पाय पुढच्या पायांशी भांडले, हॉल खदखदला. हॉल खुशीत होता. गाव पुन्हा गाव झालं होतं. हिल्डा पत्र्याशी उभी होती, तिनं त्याला डोळा मारला आणि पत्रा हलवला.

सेप स्टेजवर गेला. झगा फडकावला. गडगडून हसला आणि थांबला, कारण तिथं थांबायचं असतं. दुष्टाचं पहिलं वाक्य हुर्योच्या नंतर असतं.

हुर्यो आली नाही.

आधी त्याला वाटलं, आपण लवकर थांबलो. त्यानं पुन्हा हसून पाहिलं. खाली माणसंच माणसं होती, ओळखीची, सगळ्यांचे डोळे उघडे, आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. जिथं परी उभी होती तिथं बघत होते, पडद्याकडं बघत होते. कुणी खोकलं नाही, खुर्ची करकरली नाही. मागं कुठंतरी एका लहानग्या पोरीनं "हू" सुरू केलं आणि ते अर्ध्यातच दाबलं गेलं. आपापसात कुणी ठरवून आलं नव्हतं. असल्या गोष्टी ठरवाव्या लागतात का? हिल्डा म्हणाली होती, हुर्यो म्हणजे बोलणं नव्हे. चुकलं ते तिथंच. गावाला नीट ठाऊक होतं हुर्यो म्हणजे काय ते. शिवी परक्याला देता येते. हुर्यो घरच्याचीच असते, म्हणून तर ती द्यायची नव्हती.

सेपनं वाक्य म्हटलं. पुढचं म्हटलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ओरड्यासाठी सोडलेली जागा होती आणि प्रत्येक जागा तो रिकामी ऐकत होता. घाम रंगातून ओघळायला लागला. कसाबसा प्रवेश संपला.

मग कपड्यांच्या दोरीचा प्रवेश आला.

बिली एकटा स्टेजवर होता तोवर हॉल त्याच्या हातात होता. एकेक तुमान झटकून त्यानं लोकांना रडेपर्यंत हसवलं. मागून सेप आला, पावलं न वाजवता, आणि हशा एकदम तुटला. बिलीला पाठीमागं न बघताही कळलं. पाठीला पाठ लागली. बिलीनं तोंडावर हात घेऊन किनऱ्या आवाजात विचारलं, "माझ्यामागं कुणी आहे का गं बायांनो?"

चिडीचूप.

"आहे का कुणी?"

पोरांनी आयांकडं पाहिलं. आहे म्हणावं तर सेप आहे असं म्हणावं लागत होतं. सेपला पाठीतून बिलीचा श्वास कळत होता, फुलणारा, थांबणारा. वीस वर्षांत डॉलीनं विचारलं आणि हॉलनं उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. खेळ पडत होता. आता टाच वाजेल, सेपला वाटलं, आता वाजेल आणि आपण वळू.

बिली पुढं एक पाऊल सरकला. सेपच्या पाठीला गार वारा लागला. बिली वळला, सरळ सेपच्या तोंडासमोर आला, अगदी हाताच्या अंतरावर, आणि त्याच्यातून पलीकडं बघत, डोळ्यांवर हाताची सावली धरून, मान इकडून तिकडं फिरवून म्हणाला, "मला तर बाई कुणी दिसत नाही. तुम्हाला दिसतंय का कुणी?"

क्षणभर काही झालं नाही. मग मागच्या रांगेतून एक जाडा आवाज आला, "नाही!"

"कुणीच नाही?"

"नाही!" आता अर्धा हॉल.

"मोठ्यानं सांगा गं, मी बहिरी आहे!"

"नाहीऽऽऽ! कुणीच नाहीऽऽऽ!" सगळा हॉल उठला. बाया, म्हातारे, पोरं. पोरांचा आनंद तर काय सांगावा! त्यांना शेवटी ओरडायला मिळालं होतं. ती खुर्च्यांवर चढली आणि सेपच्या तोंडाकडं थेट बघत, हसत, हातवारे करत ओरडायला लागली, "कुणीच नाही! कुणीच नाही!" छताचे पत्रे हादरले. त्या हॉलमध्ये एवढा आवाज पूर्वी कधी झाला नव्हता, सेपच्या हुर्योलाही नाही.

सेप विंगेत आला तेव्हा हिल्डा रडत होती. "मी गाढव रे, सेप. मी म्हातारी गाढव. पडदा पाडते मी."

"अजून अर्धा खेळ आहे," सेप म्हणाला. "पोरं बसलीत."

"तू परत जाणार आहेस त्यांच्यापुढं?"

"दुष्ट नसला तर गाय कोण चोरणार?"

तेवढ्यात बिली आत आला. लाल केसांचा टोप हातात, पावडरीखाली तोंड पांढरंफटक. दोघं समोरासमोर आले. त्या अरुंद जागेत बाजूला व्हायला वाव नव्हता.

"वेळ चांगली साधलीस," सेप म्हणाला. कुचकटपणानं नाही, जोडीदारानं जोडीदाराला सांगावं तसं. "खेळ पडला असता."

बिलीचे ओठ हलले. मग त्यानं सेपच्या डोक्यावरच्या खुंटीकडं पाहिलं, टोप तिथं टांगला आणि पाणी प्यायला निघून गेला.

उरलेला सगळा खेळ सेपनं केला. दर प्रवेशाला तो यायचा, बिली विचारायचा आणि हॉल ओरडायचा. तो मुकाट त्या ओरड्याला जागा सोडत गेला. आणि काय सांगू, ते "कुणीच नाही" त्यानं इतकं चोख वठवलं की हशा वाया गेला नाही, एकही. शेवटी जमीनदार गुडघे टेकून माफी मागतो आणि डॉली त्याला माफ करते, असा एक लहानसा प्रवेश होता. सेप गुडघे टेकून बसला. बिली त्याच्या शेजारून पुढं गेला आणि लग्नाचं गाणं सुरू केलं. गाण्यात सगळे आले, गायसुद्धा. सेप तिथंच मागं गुडघ्यांवर होता, मग कधीतरी उठून गेला.

घरी आला तेव्हा ऑड्री दारातच उभी होती, शाल गुंडाळून. "काय रे? उडवली का हुर्यो?"

"नाही."

त्यानं तिला सगळं सांगितलं, खुर्चीत बसून, रंग न पुसता. काही वगळलं नाही. ऑड्री ऐकत गेली तशी तिच्या गालांवर लाल ठिपके उमटले. बिलीपाशी गोष्ट आली तेव्हा ती उठली आणि खुंटीवरचा कोट ओढला.

"कुठं निघालीस?"

"बिली ग्रीनरच्या दारात. त्याच्या बायकोपोरांदेखत विचारते त्याला. तुझ्या लग्नात सेप तुझ्याशेजारी उभा होता ना रे मेल्या? खाणीत छत कोसळलं तेव्हा तुला पाय धरून कुणी ओढलं? कुणीच नाही का? सोड मला, सेप!"

"ऑड्री, बस." त्यानं तिची बाही धरली होती. "बिलीनं बरोबर केलं."

"बरोबर?"

"सगळ्यांनीच बरोबर केलं. अख्खं वर्ष उपाशी राहिली ती माणसं, आणि मी बसमध्ये बसलो. मी तिकडं, खाली बसलेला असतो ना, आणि वर बिली असता..." त्यानं तिची बाही सोडली. "तर मीही ओरडलो असतो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं."

ऑड्री एका बाहीत हात घातलेली तशीच खाली बसली. ज्यासाठी ती वर्षभर भांडत होती ते आता आपोआप मिळणार होतं.

"सकाळी एल्सीला कळव," सेप म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. जाळीच्या बसमध्ये तो चढला त्या दिवशीही ती एवढी रडली नव्हती. एल्सीच्या खोल्यांत कोळसा असेल, दुकानदार बोलतील, शेजारी टकटक करतील. पण हा माणूस मनानं अजून त्या हॉलमध्येच होता, इतरांच्या बाजूनं, स्वतःच्या विरुद्ध ओरडत, आणि तिथून त्याला बाहेर कसं काढायचं हे तिला ठाऊक नव्हतं.